खटका पडला, पण कळलं कुणाला?

संध्याकाळचं दूध घालून झालं, वहीत नोंदी झाल्या, संकलन केंद्राचं शटर खाली आलं. आत हजार लिटरचा बल्क कूलर घरघरत होता. धारेचं कोमट दूध चार अंशांवर आणायला त्याला काही तास सलग चालावं लागतं. साडेनऊच्या सुमारास कॉम्प्रेसरने वाजवीपेक्षा जास्त करंट ओढला आणि पॅनेलमधला ब्रेकर खट्‌कन पडला. त्याने आपलं काम चोख केलं, मोटर जळू दिली नाही. पण तो ‘खट्’ ऐकायला शटरच्या आत कुणी नव्हतं. पहाटे साडेपाचला कुलूप उघडलं, तेव्हा झाकणाखालून आंबूस वास येत होता.

दुधाच्या पट्ट्यात ही गोष्ट सांगायला घ्या, “आमच्याकडेही झालंय” म्हणणारा कुणीतरी भेटतोच. दुधाच्या जागी शीतगृहातली द्राक्षं घाला, पोल्ट्रीतले पंखे घाला, गावच्या पाणीयोजनेचा पंप घाला. गोष्ट तीच राहते. मोटर वाचते आणि माल जातो, कारण ब्रेकर पडल्याचं आठ तास कुणाला कळलेलंच नसतं.

आता ही न कळलेली खबर केवढी होती ते पाहा. ब्रेकर चालू आहे की पडलाय, बस्स. संगणकाच्या हिशेबात एक बिट. तो एक बिट बंद शटरच्या बाहेर पोचवायला ऊर्जा किती लागते, त्यासाठी कोणती साधनं आज हाताशी आहेत आणि त्यांच्यावर कितपत विसंबावं, एवढं समजून घेतलं तर या विषयातलं बरंचसं हाती लागतं.

पडणं हेच काम

घरच्या बोर्डावरचा एमसीबी आपण रोज पाहतो. त्याच्या आधी चिनीमातीचा किटकॅट फ्यूज होता. तार वितळली की नवी बांधायची. आणि ती बांधणारा अंधारात, घाईत, हाताला लागेल ती जाड तार बांधून मोकळा व्हायचा. फ्यूज मग उडायचाच नाही, वायरिंग जळायचं. पुन्हा वर करता येईल अशा छोट्या ब्रेकरचं पेटंट जर्मनीतल्या मानहाइम शहरात ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ साली घेतलं. आजच्या एमसीबीच्या पोटातली रचना त्याच वळणाची आहे.

आत दोन पहारेकरी असतात. पहिला सावकाश चालणारा. दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीचा, तापली की वाकणारा. १६ अँपिअरच्या एमसीबीतून दीडपटीच्या जरा अलीकडे, म्हणजे २३ अँपिअरच्या थोडा वर करंट वाहत राहिला, तर ही पट्टी तासाभराच्या आत खटका पाडतेच. दुसरा पहारेकरी तापट. ती एक छोटी कॉइल असते. शॉर्टसर्किट होऊन करंट एकदम पाच-दहा पट झाला की ती लोखंडी दांडी ओढते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास खटका सुटतो.

उपकेंद्रातला ११ केव्हीचा ब्रेकर म्हणजे याच कल्पनेचा आडदांड अवतार. त्यातले संपर्क निर्वात बाटलीत बंद असतात आणि उघडल्यावर त्यांच्यात जेमतेम सेंटिमीटरभर अंतर पडतं. आपला ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. त्यातल्या एका शून्याला संपर्कांमधली ज्वाळा विझते आणि निर्वातात ती पुन्हा पेटू शकत नाही. मात्र इथे सगळं एका डबीत नसतं. बिघाड ओळखणारा रिले वेगळा, खटका सोडणारी ट्रिप कॉइल वेगळी, तिला वीज देणारा बॅटरीसंच वेगळा, स्प्रिंग ताणून ठेवणारी मोटर वेगळी. यातलं एक जरी ऐनवेळी रुसलं तरी ब्रेकर जागचा हलत नाही. मग मागचा, त्याहून मोठा ब्रेकर पडतो आणि एका गावाऐवजी सगळा तालुका अंधारात जातो.

ब्रेकरच्या नोकरीतली अडचण इथेच आहे. महिनोन्‌महिने त्याने जागचं हलायचं नाही आणि एका क्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, धावून मोकळं व्हायचं. दरम्यान ग्रीस घट्ट होतं, धूळ बसते, कोकणात असेल तर गंज चढतो. म्हणून फार दिवस न हललेल्या ब्रेकरची पहिली उघडझाप जाणकाराला फार काही सांगते. दुसऱ्या खेपेपर्यंत तो ‘मोकळा’ झालेला असतो आणि आजार लपतो.

ब्रेकरला विचारायचं काय?

पहिला प्रश्न सोपा आहे: तू चालू की बंद? त्यासाठी मोठ्या ब्रेकरला मुख्य संपर्कांसोबत हलणारे छोटे जोडसंपर्क असतात. एमसीबीलाही बाजूला चिकटवायची तशी डबी मिळते. मुख्य संपर्क उघडला की हा बंद होतो, किंवा उलट. मुख्य विजेला हात न लावता स्थिती कळते. हाताने बंद केला की बिघाडाने पडला, हे सांगणारा संपर्क वेगळा असतो. तो हवाच, नाहीतर दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद केलेल्या ब्रेकरच्या नावानेही मध्यरात्री फोन वाजत राहतील.

दुसरा प्रश्न तापमानाचा, आणि तो ब्रेकरला स्वतःला कधीच पडत नाही. ब्रेकर करंट मोजतो. बोल्ट सैल झाला तर करंट वाढत नाही, जोड तापतो. एक हिशेब करून पाहा. २०० अँपिअर वाहणाऱ्या बसबारच्या जोडाचा रोध ५० मायक्रोओहम असेल, तर तिथे २ वॅट उष्णता होते. हाताला कळणारही नाही. तोच जोड सैल होऊन रोध १ मिलिओहम झाला, तर उष्णता ४० वॅट. म्हणजे त्या बोल्टावर कुणी सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखं झालं. करंट तोच, २०० अँपिअर. ब्रेकरच्या लेखी सगळं आलबेल.

इथे तीन फेजवर तीन छोटे तापमापक बसवले की गोष्ट उघडी पडते. समजा दुपारी आकडे आले: आर ४८, वाय ४९, बी ७१. धोक्याची मर्यादा किती, हे पुस्तकात बघायचीही गरज नाही. तिघांवर भार सारखा असताना एकच भाऊ तापलाय, म्हणजे पाना घेऊन जायचं ते बी फेजकडे.

तिसरा प्रश्न चपळाईचा. ट्रिप कॉइलला वीज मिळताच तिच्यातला करंट चढतो, दांडी हलू लागली की क्षणभर दबतो, पुन्हा चढतो आणि शेवटी तुटतो. हा दबका उशिरा आला तर समजायचं की खटका जड झालाय. याशिवाय बॅटरीसंचाचा दाब, स्प्रिंग ताणायला मोटरला लागलेले सेकंद आणि एसएफ६ वायूचा ब्रेकर असेल तर वायूची घनता. हा वायू गळला तर ब्रेकर दुबळा होतोच, शिवाय वातावरणात उष्णता कोंडण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे साडेतेवीस हजार पट जाचक आहे. म्हणून युरोपीय संघाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये त्याच्या वापरावर १ जानेवारी २०२६पासून बंदी घातली.

ही सगळी उत्तरं लांबलचक वाटतात, पण पाठवायला किती लागतात? एका बाइटमध्ये आठ हो-नाही मावतात: चालू-बंद, बिघाड, दार उघडं, स्प्रिंग ताणलेली, बॅटरी ठीक वगैरे. तीन तापमानांचे तीन बाइट. दाब, वेळ, मोजणी धरून दहा बाइट. कॉइलचा आलेख काढायला सेकंदाला हजारो मापं घ्यावी लागतात हे खरं. पण तो आलेख पाठवायचा नसतो. जागेवरचा मायक्रोकंट्रोलर तो तपासतो आणि फक्त निकाल कळवतो. तुलनेसाठी, आपल्या फोनवर रोज येणारा फुलाफुलांचा ‘शुभ सकाळ’ फोटो शंभर किलोबाइटचा धरला, तर त्यात असे दहा हजार निरोप मावतात. तासाला एक म्हटलं तर वर्षाहून जास्त काळची हजेरी.

तार का नको?

मोठ्या उपकेंद्रांत ब्रेकरची स्थिती नियंत्रण कक्षात तारेनेच येते आणि तशीच यायला हवी. प्रश्न त्यांच्यापलीकडच्या हजारो ठिकाणांचा आहे. रानातली डीपी, कारखान्याच्या मागच्या शेडमधलं पॅनेल, इमारतीच्या तळघरातला मीटर-बोर्ड. ब्रेकर जेवढ्याचा, त्याहून त्याच्यापर्यंत चर खणून नेलेली केबल महाग पडते.

दुसरं कारण जास्त पक्कं आहे. ११ केव्हीच्या बसबारवर तापमापक बसवला, तर तो मापकही ११ केव्हीवर आला. त्याच्यापासून खालच्या पॅनेलपर्यंत तांब्याची बारीक तार आणली, तर आपणच उच्च दाबाला माणसापर्यंत यायची वाट करून दिली. तिथे बिनतारी मापकच शहाणपणाचा. मधली हवा इन्सुलेटर होते आणि निरोप तेवढा पार होतो.

बॅटरीचा हिशेब

मग मोबाइलचं सिमकार्ड का नको? आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरला मोबाइल स्टार्टर बसवणारे शेतकरी कमी नाहीत. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. पण त्या स्टार्टरच्या शेजारी वीज असते. बॅटरीवर जगायचं म्हटलं की गणित फिरतं. जुन्या पद्धतीचा जीएसएम मोडेम बोलताना क्षणाक्षणाला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो आणि नुसता टॉवरशी नातं टिकवून बसला तरी काही मिलिअँपिअर खात राहतो. पाच धरा. पेन्सिल सेलएवढ्या आकाराच्या लिथियम सेलची क्षमता साधारण २,४०० मिलिअँपिअर-तास असते. दिवसाला १२० गेले, म्हणजे विसाव्या दिवशी सेल बदलायला पुन्हा शिडी.

कमी ऊर्जेच्या रेडिओचं तत्त्व एका वाक्यात सांगायचं तर: झोप, क्षणभर जाग, बोल, पुन्हा झोप. झोपेत असं उपकरण दोन मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतं, वर्षाला साधारण साडेसतरा मिलिअँपिअर-तास. बोलताना ३० मिलिअँपिअर, पण तेही लांबचा सर्वांत संथ निरोप असेल तर दीड सेकंद आणि जवळचा असेल तर सेकंदाचा सोळावा भाग. तासाला एक दीर्घ निरोप धरला तरी वर्षाचे ११० मिलिअँपिअर-तास. झोप मिळवून १२८. ऐकण्याचा खर्च, थंडी-ऊन, सेलची आपोआप होणारी झीज यांना सढळ हाताने वाटा दिला, तरी तोच सेल दहा वर्षं ओढतो.

एका निरोपाला लागणारी ऊर्जा साधारण ०.१५ जूल. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा एवढी ऊर्जा सेकंदाच्या साठाव्या भागात फस्त करतो. हजार लिटर दूध वाचवायला एवढी पुरली असती.

गोंगाटात मींड

इतक्या क्षीण आवाजात बोललेलं काही किलोमीटरवर ऐकू कसं येतं? इथे लोरा या तंत्राची गंमत आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात २००९ साली सुरू झालेल्या सायक्लेओ या छोट्या कंपनीने ते विकसित केलं. २०१२मध्ये अमेरिकेच्या सेमटेक कंपनीने ती विकत घेतली.

जत्रेच्या गर्दीत कुणी एकच सूर धरून गुणगुणलं तर तो गोंगाटात बुडतो. पण त्याने खालच्या षड्‌जापासून वरच्या षड्‌जापर्यंत सावकाश मींड घेतली, तर आवाज तेवढाच बारीक असूनही कान ती पकडतो. कारण गोंगाट इतक्या शिस्तीने वर सरकत नाही. लोराचा रेडिओ हेच करतो. ठरलेल्या पट्ट्यात लहर खालून वर सरकवतो, आणि कोणती मींड कोणत्या सुरापासून सुरू झाली यावरून आकडा कळतो. मींड जितकी संथ, तितका ऐकणाऱ्याला ती ओळखायला वेळ जास्त. सर्वांत संथ चालीत निरोप गोंगाटाच्या शंभरपट खाली असला तरी वाचता येतो. किंमत एकच, वेग. या चालीने सेकंदाला अडीचशेच्या आसपास बिट जातात. ‘शुभ सकाळ’ पोचायला तास लागेल, पण ‘ब्रेकर पडला’ दीड सेकंदात जातं.

भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. पुढे तो ८६८पर्यंत वाढला. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर आणि अँटेना त्याच्या चौथाईएवढी, म्हणजे बोटाएवढी पुरते. मोकळ्या माळावर दहा किलोमीटर हे अंतर अवघड नाही; दाट वस्तीत दोन-तीन. मध्ये सह्याद्रीची सोंड आडवी आली, तर मात्र शेजारचं गावही ऐकू येणार नाही.

जागा तसा रेडिओ

लोरा हा एकच पर्याय नव्हे. एकाच पॅनेलमधल्या वीस-तीस एमसीबींना जवळच्या जवळ बोलायचं असेल, तर २.४ गिगाहर्ट्झवरचे झिग्बी किंवा कमी ऊर्जेचं ब्लूटूथ बरं. चिप स्वस्त, वेग भरपूर, पल्ला काही मीटरांचा. सगळ्यांचं ऐकून एकच पेटी बाहेर निरोप पाठवते. शहरात टॉवरची दाटी असेल तर एनबी-आयओटी सोयीचं. २०१६मध्ये मोबाइलच्या जागतिक प्रमाणकांत आलेला हा प्रकार सिमवर चालतो, पण उपकरणाला तासन्‌तास झोपू देतो. आपल्या मालकीचं जाळं हवं, सगळ्यांचं ऐकणारी पेटी म्हणजे गेटवे आपल्याच छपरावर हवा, तर लोरा.

निवडताना एक जुनी आठवण ताजी ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात शिरलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. टॉवर विजेवरच जगतो. वीज गेल्याची बातमी ज्याच्या हाती द्यायची, तोच वीज गेल्यावर तासा-दोन तासांनी झोपणार असेल, तर ती व्यवस्था साध्या दिवसांपुरतीच. लोराच्या गेटवेलाही हाच नियम. त्याच्यामागे सौर पॅनेल आणि बॅटरी हवीच.

आणि एक अगदी गावठी चूक. पॅनेल म्हणजे पत्र्याचा डबा, आणि बंद पत्र्याच्या डब्यातून रेडिओलहर बाहेर पडत नाही. महागडं उपकरण आत, अँटेनाही आत, दार घट्ट; मग “रेंज येत नाही” ही तक्रार. अँटेना पत्र्याला भोक पाडून बाहेर काढायची, भोकाला रबरी ग्लँड लावायची, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरेल. अर्धं यश या भोकात असतं.

शेवटची हाक

काही मापकांना सेलचीही गरज नसते. वाहत्या तारेभोवती लोखंडी गाभ्याचं कडं बसवलं की तारेतल्या करंटमधूनच त्यांच्यापुरती वीज निघते. पण यात एक खोच आहे. ब्रेकर पडला की करंट थांबला, करंट थांबला की मापक उपाशी. नेमकी जी बातमी द्यायची, तिच्याच क्षणी तोंड बंद.

यावर उपाय म्हणजे सुपरकपॅसिटर. शेंगदाण्याहून थोडा मोठा, ०.१ फॅरडचा कपॅसिटर ३.३ व्होल्टवर भरलेला असेल, तर २.२ व्होल्टवर उतरेपर्यंत तो ०.३ जूल देतो. आपला हिशेब आठवा: दोन निरोप. तेवढ्या शिदोरीवर उपकरण “वीज गेली, ब्रेकर उघडा” एवढं सांगतं आणि मग डोळे मिटतं.

हाक येण्याइतकंच हाक न येणंही महत्त्वाचं. पूर्वी गल्लीतून रात्री गुरखा काठी आपटत जायचा. काठीचा आवाज म्हणजे सगळं ठीक. आवाज आला नाही की अंथरुणातला माणूस कूस बदलून विचार करायचा, आज गुरखा कुठे गेला? दूरस्थ मापकालाही अशी ठरलेल्या वेळेची हजेरी द्यायला लावतात. फक्त बिघाड झाल्यावर बोलणारं उपकरण गप्प असेल, तर ब्रेकर ठणठणीत आहे की उपकरणच मेलंय हे कळायला मार्ग नाही. म्हणून दोन हजेऱ्या चुकल्या की तीच सूचना समजायची.

सगळे एकदम ओरडले तर

वळवाच्या पहिल्या झोडपण्यात एक फिडर ट्रिप होतो आणि त्यावरची दोनशे उपकरणं एकाच क्षणी “वीज गेली” म्हणून ओरडतात. लोराच्या जाळ्यात बोलण्याआधी कुणी कुणाला विचारत नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो. ही रीत जुनी आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्या अलोहा जाळ्याची. तिचं गणितही तेव्हाच कळलं: असं मनाला येईल तेव्हा बोलायचं ठरवलं, तर उपलब्ध वेळेच्या जेमतेम १८ टक्क्यांपर्यंतच उपयोग होतो; त्यापुढे निरोप एकमेकांवर आदळून वाया जातात.

इलाज सोपा आहे. प्रत्येक उपकरणाने मनात एक आकडा धरायचा आणि तेवढे सेकंद थांबून बोलायचं. काहींनी सेकंदात, काहींनी मिनिटात. एकच उपकरण पडलेलं असेल तर तो त्याच्या ब्रेकरचा प्रश्न. पाच मिनिटांत दोनशे जणांनी तेच सांगितलं तर फिडरचा. लाइनमनच्या दृष्टीने हा फरक म्हणजे रात्रभराचं पेट्रोलिंग वाचणं. एरवी एकेका कटपॉइंटला एबी स्विच उघडायचा, ट्रायल घ्यायची, पुन्हा पुढे चालायचं, हे टॉर्चच्या उजेडात पावसात चालतं. कोणत्या खांबापर्यंतची उपकरणं जिवंत आहेत आणि कोणत्या खांबापुढची मेली हे आधी कळलं, तर फुटलेला इन्सुलेटर शोधायचा पल्ला दहा किलोमीटरवरून शे-दोनशे मीटरवर येतो.

खबर आणि हुकूम

इथवर वाचून कुणाच्याही मनात येईल की, खबर जर हवेतून येते तर हुकूमही हवेतूनच का देऊ नये? ब्रेकर पाडावा, लावावा, घरबसल्या.

संरक्षणापुरतं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. बिघाड झाल्यावर ब्रेकरने करंट तोडायला सेकंदाचा दहावा भागही फार. आपला निरोप दीड सेकंद घेतो आणि कधीमधी पोचतही नाही. म्हणून रिलेपासून ट्रिप कॉइलपर्यंतची साखळी तांब्याच्या तारेची, जागच्या जागी आणि रेडिओशी कसलंही देणंघेणं नसलेली असावी. रेडिओ बंद पडला तरी ब्रेकर पडलाच पाहिजे. संरक्षण तारेवर, खबर हवेवर.

सवडीने द्यायच्या हुकुमाचं वेगळं. त्यासाठी उपकरणाला सतत कान देऊन जागं राहावं लागतं, म्हणजे सेलवर भागत नाही, वीज लागते. आणि त्याहून मोठी गोष्ट, दार उघडं राहतं. २३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमध्ये वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेला. तीन वितरण कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोरांनी दूरनियंत्रणाची साधनंही निकामी केली होती. शेवटी कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांत गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. काही तासांत वीज परतली, ती हाताने लावायची सोय शाबूत होती म्हणून.

तो हल्ला लोरावर नव्हता, कार्यालयीन संगणकांतून शिरलेला होता. पण त्यातून आपल्या छोट्या मापकांनाही शिकण्यासारखं आहे. लोराच्या जाळ्यातले निरोप १२८ बिटांच्या चावीने कुलूपबंद असतात. प्रत्येकावर चढता क्रमांक असतो, म्हणजे कालचा “सगळं ठीक” कुणी टिपून ठेवून आज पुन्हा वाजवला तर क्रमांक मागचा निघतो आणि निरोप फेकला जातो. ही कुलपं चांगली आहेत. मात्र कारखान्यातून आलेली एकच चावी सगळ्या उपकरणांना ठेवली, तर कुलूप असून नसल्यासारखं. खरेदी करताना विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: प्रत्येक उपकरणाची चावी वेगळी आहे का, आणि रेडिओवाटे ब्रेकर लावता येतो का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं, खास गरज नसेल तर, ‘नाही’ असावं.

शिडीवर चढण्याआधी

या साधनाचा सगळ्यात घातक उपयोग म्हणजे त्याच्यावर नको तिथे भरवसा टाकणं. फोनवर हिरव्या चौकटीत ‘ब्रेकर उघडा’ असं आलं, म्हणजे जोडसंपर्काची दांडी त्या स्थितीत आहे एवढंच कळलं. मुख्य संपर्क एखाद्या फेजला चिकटून बसला असेल, पलीकडच्या घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलट्या दिशेने वीज सोडत असेल, शेजारच्या फिडरची तार वाऱ्याने टेकली असेल. यातलं काहीही त्या दहा बाइटांत नसतं.

म्हणून क्रम जुनाच राहतो. परमिट घ्यायचं, स्विच उघडून कुलूप लावायचं, टेस्टरने तार मेलेली असल्याची खात्री करायची, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं आणि मगच खांबावर चढायचं. बिनतारी मापक लाइनमनला योग्य खांबाखाली नेऊन उभा करेल. त्या खांबावरची तार हात लावण्याजोगी आहे का, हे मात्र अजूनही अर्थिंगची दांडीच सांगते.